पहिलं बाळंतपण घरी करायचं म्हणता? आधी गाडीचं तोंड रस्त्याकडे करा

माझी लेक सातव्या महिन्यात माहेरी आली, ती जिममधला मोठा फुगीर चेंडू आणि एक ठरलेला बेत घेऊनच. जेवताना म्हणाली, "आई, मला घरी बाळंत व्हायचंय. डूला ठरवलीये." डूला म्हणजे कळांच्या वेळी सोबत बसायला ठरवलेली बाई. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीतच आहे. पण माहेरी म्हणजे माहेरच्या गावातल्या दवाखान्यात, असं मी धरून चालले होते.

मी ३१ वर्षं एएनएम, म्हणजे गावोगावी बाळंतपणं करणारी नर्स होते, त्यातली बरीचशी नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर तालुक्यात. कंदिलाच्या उजेडात, बाजेवर, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत बाळंतपणं केली. म्हणूनच मी तिला सरळ नाही म्हणाले. १९९६ साली एका बाईला वार (बाळामागून येणारी नाळेची गादी) पडल्यावर रक्त जाऊ लागलं आणि जीप मिळायला दीड तास लागला. जीप आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती. नंतर त्या घरच्यांनी मला चहा दिला आणि मी तो प्याले. त्या दिवसातलं मला एवढंच नीट आठवतं.

दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी मी वही काढली आणि माझ्या अटी लिहिल्या. त्यातली एक जरी मोडली तरी निमूट गाडीत बसायचं. लेकीने खाली सही केली, जावईबापूंनीही केली. पुढे जे लिहिते आहे ते त्या वहीतलंच आहे. घरी बाळंत व्हा असं सांगायला मी लिहीत नाही. ज्यांनी ठरवलंच आहे त्यांनी निदान डोळे उघडे ठेवून करावं, एवढ्यासाठी लिहिते.

आधी आकडे

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. म्हणजे तुम्ही उलट्या दिशेने चालला आहात आणि तुमच्यासाठी व्यवस्था कुणी उभी केलेली नाही, ती तुम्हालाच करायची आहे. मुली घराकडे का वळतात तेही मला कळतं. त्याच पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर होती. लेकीने हा आकडा माझ्यासमोर ठेवला तेव्हा मी गप्प बसले.

मग मी तिच्यापुढे दुसरा आकडा ठेवला. इंग्लंडमध्ये २०११ साली या विषयावरचा मोठा अभ्यास निघाला. तिथे घरी येणाऱ्या सुईणी शिकलेल्या असतात, सरकारी सेवेतल्या असतात, मागे रुग्णवाहिका असते. तरीही घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना दवाखान्यात हलवावं लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत हेच प्रमाण १२ टक्के होतं. पहिलटकरणींच्या बाळांना गंभीर त्रास होण्याचं प्रमाण घरी हजारी ९.३ निघालं, तर दवाखान्यात ५.३. म्हणून तयारी करताना अर्धी तयारी घराची आणि अर्धी दवाखान्याची करा. निघावं लागलं तर ती हार नव्हे, त्या वहीतलंच एक पान समजा.

कुणी हा नाद करूच नये

जुळं असेल, बाळ पायाळू किंवा आडवं असेल, वार खाली असेल, आधी सिझर झालेलं असेल, बीपी १४०/९० किंवा वर जात असेल, साखर असेल, तर विषय तिथेच संपला. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत कळा आल्या तर दवाखाना. ४१ आठवडे उलटले तरी आमच्या वहीत दवाखानाच होता. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरशी आधी बोलून ठेवा, कारण बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं आणि ते रविवारी दुपारी शोधत फिरायची वस्तू नव्हे.

माझी लेक अडकली हिमोग्लोबिनवर. सातव्यात ९.८ होतं. नोकरी, बाहेरचं खाणं, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा! चहाने गोळीतलं लोह अंगी लागत नाही, हे मी खेड्यात बायकांना हजार वेळा सांगितलं आणि माझ्याच घरात गोळी चहाबरोबर चालली होती. रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर गोळी सुरू केली. नवव्यात ११.२ झालं. ११ च्या खाली राहिलं असतं तर मी तिला घरी ठेवलं नसतं. दोघींच्या अंगातून रक्त सारखंच गेलं तरी जिच्यात आधीच कमी आहे ती आधी कोसळते.

डूला म्हणजे सुईण नव्हे

हा घोळ सगळ्यांचाच होतो. आमच्या शेजारणीचा झाला, विहीणबाईंचा झाला, सुरुवातीला माझाही झाला. डूला बाळ हातात घेत नाही, आतून तपासत नाही, ठोके ऐकत नाही, इंजेक्शन देत नाही. ती बाळंतिणीपाशी बसते. पाठ दाबते, घोट घोट पाणी देते, कूस बदलायला लावते, घाबरली की डोळ्यांत बघून श्वास घ्यायला लावते. आणि नातेवाइकांना खोलीबाहेर ठेवते, हे काम मी तिच्या गुणांत सगळ्यात वर लिहीन.

मी आधी नाक मुरडलं होतं. आमच्या वेळी हे सगळं मावशी, काकू, शेजारीण करायच्या आणि वर बोलणीही ऐकवायच्या. पण पुरावा आहे. कोक्रेन ही वैद्यकीय संशोधन पडताळणारी संस्था आहे; तिच्या २०१७ च्या आढाव्यात २६ चाचण्या आणि १५ हजारांवर बायकांची माहिती एकत्र केली. कळांच्या वेळी कुणीतरी सतत सोबत असलं तर सिझर कमी होतात, कळांचा काळ थोडा घटतो, असं त्यात दिसलं. आपल्या सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका बाईला राहायला परवानगी दिली. म्हणजे दवाखान्यात जायचं ठरलं तरी सोबत मागता येते, हेही लक्षात ठेवा.

डूला निवडताना तिला एकच प्रश्न आधी विचारा. "सिस्टर म्हणाली दवाखान्यात चला आणि माझी मुलगी नाही म्हणाली, तर तू कुणाच्या बाजूने?" आम्ही दोघींशी बोललो. पहिली म्हणाली, "शरीरावर विश्वास ठेवायचा, ताई." तिला चहा पाजून निरोप दिला. दुसरी तिशीची पोरगी, धरमपेठेत राहणारी, म्हणाली, "काकू, मी बॅग उचलते आणि तिच्यासोबत मागच्या सीटवर बसते." तिलाच ठरवलं. पैसे किती, किती भेटी, दवाखान्यात हलवलं तर ती येणार का, तिला स्वतःला ताप असेल तर बदली कोण, हे सगळं कागदावर घ्या.

मग बाळंतपण कोण करणार?

खरी शोधाशोध याचीच होती. मी करणार नव्हते. आपल्या लेकीच्या कळा बघताना हात आणि डोकं एका जागी राहत नाही. शिवाय निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. आम्हाला प्रसूतिगृहात बारा वर्षं काढलेली, नर्स आणि सुईण म्हणून नर्सिंग परिषदेकडे नोंद असलेली एक सिस्टर मिळाली. तिची अट होती की दुसरी नर्सही हवी. ती अट योग्यच आहे. बाळ न रडता आलं तर पहिल्या मिनिटात अँबू बॅगने श्वास द्यावा लागतो, आणि नेमकं त्याच मिनिटाला आईकडेही कुणीतरी बघायचं असतं. दोन जीव, म्हणून शिकलेल्या हातांच्या दोन जोड्या. एवढी माणसं मिळाली नाहीत तर घरचा बेत सोडा. डूला आणि हौशी नवरा मिळून बाळंतपण होत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञही हवीच. दोघींनी तोंडावर नकार दिला, एकीने तर आम्हाला भाषणच ऐकवलं. तिसरी म्हणाली, "मी घरी येणार नाही. पण तपासण्या सगळ्या माझ्याकडे करा आणि मध्यरात्री आलात तरी दार उघडं आहे." इतकंच हवं असतं. शेवटच्या महिन्यात कागदपत्रं भरून नाव नोंदवून ठेवलं.

शेजारीण म्हणाली, "काऊन वं बाई, डागात खाटा नाहीत का?" तिचंही चुकलं नव्हतं. गांधीबागेतलं डागा हे सरकारी स्त्री रुग्णालय नागपुरातल्या बायकांचं हक्काचं ठिकाण आहे.

रस्ता, गाडी, थर्मास

आमचं घर मानेवाड्याला, तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल तर कळा येणारी बाई जिन्याने कशी उतरेल याचा सराव करून बघा. जावईबापूंनी दवाखान्यापर्यंत गाडी दोनदा नेऊन पाहिली. रात्री अकराला ९ मिनिटं, संध्याकाळी सातला २३. वहीत २३ च लिहिले. मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना, त्याहून जवळ, म्हणून जिवावर बेतलं तर सरळ मेडिकल, डॉक्टरला फोन वाटेत. शेवटचे तीन आठवडे गाडीत पेट्रोल भरलेलं, मागच्या सीटवर प्लॅस्टिक आणि जुनी चादर, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे. मागे कुणाची स्कूटर लावू दिली नाही. १०८ चा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत, खाली आपला पत्ता आणि खूण. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तारीख मे महिन्यातली. नागपूरचा मे! वार पडताना रक्त आवरायला जे ऑक्सिटोसिन देतात ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. फ्रिज आहे, पण दुपारी वीज गेली तर? मी माझा जुना चहाचा थर्मास घासून ठेवला, फ्रीजरमध्ये बर्फाच्या पिशव्या तयार ठेवल्या. औषधाला बर्फ थेट लागू द्यायचा नाही, गोठलं तरी वाया जातं. मध्ये कपडा गुंडाळायचा. इन्व्हर्टरची बॅटरी तपासून घेतली.

खोलीसाठी मी नव्या नर्सना शिकवायचे तेच पाच नियम: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काहीही न लावणं. निर्जंतुक साहित्य सिस्टरच आणते. तुम्ही उन्हात वाळवलेल्या सुती चादरी, जुने मऊ टॉवेल, पलंगावर मेणकापड, दोन बादल्या, चांगली टॉर्च आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा तयार ठेवा. काटा कशाला ते पुढे सांगते.

कळा

मंगळवारी रात्री आठला सुरू झाल्या. पहिलटकरणीच्या घरचे सगळ्यात मोठी चूक इथे करतात. पहिल्या कळेला सगळं गाव गोळा करतात आणि पहाटेपर्यंत सगळेच थकतात. मी लेकीला वरण-भात खाऊ घातला आणि झोप म्हणाले. ती झोपली नाही, पण पडून राहिली. दर पाच मिनिटांनी कळ, मिनिटभर टिकणारी, आणि हे तासभर चाललं की डूलाला फोन, असं ठरलं होतं. तो रात्री दोनला केला. सिस्टर दोघी पहाटे पाचला आल्या. सकाळी सातला पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर. खऱ्या कळांचा हिशेब जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून इथूनच धरते. त्याआधीच्या रात्रभराच्या कळांना 'अडलंय' म्हणू नका.

डूलाने त्या सकाळी काय केलं ते मी दारातून बघत होते. चेंडूवर बसवून कमरेखाली तळहाताने दाब द्यायची, तासन् तास, तेवढ्याच जोराने. माझं एक जुनं मऊ सुती लुगडं मागून घेतलं, पोटाखालून घालून दोन्ही टोकं धरली आणि हळूहळू हलवू लागली. लेक ओणवी होऊन डोळे मिटून होती. नऊवारीचा हा उपयोग मला ३१ वर्षांत सुचला नव्हता. तासाला एकदा लघवीला उठवायची, कारण मूत्राशय भरलं तर डोकं खाली सरकत नाही. ताक, नारळपाणी, गुळाचा खडा. जावईबापूंना काम दिलं ओल्या पंचाने मान पुसायचं. फोन बाहेरच्या खोलीत.

माझं काम वही आणि घड्याळ. सिस्टर दर अर्ध्या तासाने ठोके ऐकायची, कळा कळवळायला लावू लागल्यावर पंधरा मिनिटांनी, जोर करताना दर पाच मिनिटांनी. ती आकडा सांगायची, मी लिहायचे. ११० ते १६० च्या बाहेर आकडा टिकला की गाडी. वहीत बाकीचंही होतं. पाणी हिरवट आलं, ताजं रक्त जाऊ लागलं, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, बीपी चढलं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, नाळ खाली दिसली, पाणी फुटून अठरा तास गेले, दोन तास जोर करून डोकं सरकलं नाही, तर वाद नाही. आणि लेक स्वतः म्हणाली "चला", तर कारण विचारायचं नाही.

साडेअकराला ती म्हणालीच, "माझ्याच्याने होत नाही, आई." मी चपला घातल्या. सिस्टरने तपासलं, तोंड पूर्ण उघडलं होतं. डूलाने तिला विचारलं, "जायचंय, की थकलीस?" लेक म्हणाली, "थकले." चपला घातलेल्याच ठेवून मी उभी राहिले. साडेबाराला वीज गेली.

जोर करायला पावणेदोन तास लागले. उकिडवी, मग कुशीवर. बाळ बाहेर येण्याच्या दहा मिनिटं आधी मी इन्व्हर्टरवर चाललेला कूलर बंद करायला सांगितला तेव्हा लेकीने मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. बाहेर ४५ अंश असले तरी ओलं बाळ कूलरच्या वाऱ्यात गार पडतं. खोली २५ ते २८ अंशांत हवी आणि वारा नको. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुलगी झाली. पुसताच रडली. आईच्या छातीवर उघडीच ठेवली, वरून टॉवेल, डोक्याला टोपडं. नाळ लगेच कापायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं.

त्याच मिनिटाला मांडीत ऑक्सिटोसिन, १० युनिट, माझ्या थर्मासमधलं. वार अठरा मिनिटांत पडली. अर्ध्या तासात पडली नसती तर निघायचं होतं. मग काटा. भिजलेले पॅड आणि कपडे तोलायचे, कोरड्याचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे एक मिली रक्त. डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी धरतो, आणि ५०० मिली ही धोक्याची रेघ आहे. आमचं ३८० भरलं. मी तीनदा तोललं. मग चपला काढल्या.

पुढचे दिवस

पहिल्या तासात छातीला लावा. घुटी, मध, साखरेचं पाणी काही नाही. आंघोळ निदान २४ तास नाही. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन सिस्टरने दिलं. कावीळ-बची लस २४ तासांच्या आत हवी, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच बाळाला घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे गेलो. पोलिओचा शून्य डोस आणि बीसीजीही तिथेच झाली.

शेकणाऱ्या बाईने शेगडी मागितली. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको म्हणाले, गरम पाण्याची पिशवी दिली. ती रुसली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर मात्र जरूर. पाचवीही पुजली.

आशाताईंना नक्की कळवा. घरी जन्मलेल्या बाळासाठी त्यांच्या सात भेटी ठरलेल्या असतात: १, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. या भेटींची मुळं आपल्या विदर्भातच आहेत. गडचिरोलीच्या ३९ गावांत अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना बाळ तपासायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. ते १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आता नोंदणी. दवाखाना ती परस्पर करतो. घरच्या जन्माची माहिती कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांच्या आत द्यायची असते. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं, पुढे वर्षभरापर्यंत लेखी परवानगी लागते. ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला चालतो, म्हणून आळस नको. सिस्टरकडून तारीख, वेळ, वजन आणि तिचा नोंदणी क्रमांक असलेली सही घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड, दोघांचे आधार, डॉक्टरचे तपासणीचे कागद सोबत न्या.

महापालिकेच्या झोन कार्यालयात मी आणि जावईबापू गेलो. खिडकीतल्या माणसाने तीनदा विचारलं, "दवाखान्याचं नाव?" तीनदा घरचा पत्ता सांगितला. फॉर्मात 'घर' असा पर्याय छापलेलाच आहे, त्यावर बोट ठेवा. बाळंतपण कुणी केलं या रकान्यात डॉक्टर, नर्स, दाई, नातेवाईक सगळे आहेत, डूला नाही. आम्ही नर्सवर खूण केली. बाळाच्या नावाची जागा कोरी ठेवली. नाव वर्षभरात फुकट टाकता येतं, आणि आमच्याकडे लेक आणि विहीणबाई यांचं अजून जमलेलं नाही.